इंदापूरची पडीक रानं

आज पिकाचं नाही, साऱ्याचं बोलू.

1818 ला पेशवाई गेली आणि दख्खनची रानं ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. धनी लंडनला, रान भीमेकाठी. प्रिंगल नावाच्या साहेबानं 1820 च्या दशकात पुणे भागात मोजणी केली. हिशोब असा: एकूण उत्पन्नातून खर्च वजा करायचा, उरलेल्यातले 55 टक्के सरकारला. कागदावर अगदी बरोबर. पण कुठल्या रानात किती पिकतं याचे अंदाजच चुकले होते. त्यात धान्याचे भाव पडले, आणि सारा मात्र रोख रुपयात. पाऊस पडो न पडो.

इंदापूरच्या शेतकऱ्यानं काय केलं? ना मोर्चा, ना बंदूक. रान टाकलं आणि गाव सोडलं. कित्येक जण शेजारच्या संस्थानांत गेले. वसुलीसाठी लोकांचा छळ झाला, आणि काही भागांत लागवडीजोगी जमीन जेमतेम एक तृतीयांशच कसली जात होती, हे पुढं सरकारच्याच अहवालात आलं. पेरच नाही म्हटल्यावर सारा कोण देणार?

शेवटी 1835 ला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांना इंदापूरला धाडलं. त्यांनी उत्पन्नाचा काथ्याकूट सोडला आणि माती बघितली. पुढं या पद्धतीत जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या. पावणेदोन हात खोल काळी म्हणजे 16 आणे, पाव हात हलकी म्हणजे 2 आणे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी तुंबणं असे दोष असतील तर प्रत खाली. दर उतरवले आणि 30 वर्षं बांधून दिले. पडीक रानं परत नांगराखाली आली.

पण 30 वर्षं भरली तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाला आलेला सोन्याचा भाव डोळ्यांपुढं होता. तो भाव बघून सारा चढवला. युद्ध 1865 लाच संपलं होतं, भाव कोसळला, सारा मात्र लगेच खाली आला नाही. तो भरायला सावकाराचं दार. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. राग सावकारावर निघाला, पण त्याच्या दारात ढकललं होतं साऱ्यानं.

शेतकरी सारा द्यायला तयार होता, आधीही देतच होता. भांडण एवढंच होतं की आकडा रान बघून ठरवा, तेजीचा भाव बघून नको. आज पैसेवारी लावताना, विम्याचं उंबरठा उत्पन्न काढताना हेच भांडण चालू आहे.

सातबाऱ्यावर 'आकारणी' म्हणून रुपये-पैसे लिहिलेले असतात, त्याचं मूळ या मोजणीत आहे. आपापल्या गटाची आकारणी बघा आणि रानाची खोली आठवा. मेळ बसतो का, खाली लिहा.