'नॉक्ड मी फॉर सिक्स' म्हणजे काय? क्रिकेटच्या भाषेतले इंग्रजी वाक्प्रचार

शिवाजी पार्कवर षटकार बसला की टाळ्या पडतात. पण ऑफिसच्या ग्रुपवर कुणी 'द न्यूज नॉक्ड मी फॉर सिक्स' लिहिलं, तर लगेच अभिनंदन करू नका! इथे बोलणारा फलंदाज नाही, तर सीमेपार भिरकावला गेलेला चेंडू आहे. अर्थ : बातमीने जबर धक्का बसला.

असेच आणखी तीन :

• कॅच आउट : एखाद्याचं खोटं किंवा चूक पकडणे.
• पुट ऑन द बॅक फूट : बचावाचा पवित्रा घ्यायला लावणे.
• बोल ओव्हर : भारावून टाकणे, थक्क करणे. इथे 'बोल्ड' होण्यात आनंदच!

लक्षात ठेवा : शब्द ओळखीचे असले, तरी अर्थ पूर्ण वाक्प्रचाराचा घ्या. नाहीतर सांत्वनाच्या जागी शुभेच्छा जातील.