इराणी हॉटेलातील पाट्या

मुंबईतील इराणी हॉटेलांविषयी गिऱ्हाइकांची जी गाऱ्हाणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली, त्यांत चहाच्या चवीपेक्षा वागणुकीचाच बोभाटा अधिक असे: गल्ल्यावरचा मालक तुटक बोलतो, वेटर कप आदळतो आणि भिंतीवरची पाटी काय करू नये एवढेच बजावते. हा निव्वळ उद्धटपणा मानला, तर या धंद्याची घडण लक्षात येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी यझ्द व केरमान या भागांतून हलाखीला व धार्मिक छळाला कंटाळून आलेले झरथुष्ट्री, म्हणजे कित्येक शतके आधी गुजरातेत स्थिरावलेल्या पारशांहून वेगळे ओळखले जाणारे ‘इराणी’, यांच्यापाशी भांडवल बेताचेच होते. नाक्यावरची जागा अशुभ मानून स्थानिक व्यापारी ती टाळीत, असे सांगितले जाते; इराण्यांनी मात्र दोन रस्त्यांची वर्दळ मिळवून देणारी तीच जागा पसंत केली. धोबी तलावावरील कयानी (1904) आणि बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (1923) ही त्या काळाची आजवर टिकलेली उदाहरणे आहेत.

संगमरवरी टेबले मोजकी, चहा स्वस्त आणि ब्रून मस्का, म्हणजे कडक कवचाच्या पावाला लोणी लावून दिलेला पदार्थ, त्याहून फारसा महाग नाही. तेव्हा एका कपावर तासभर बसणारे गिऱ्हाईक मालकाला परवडणारे नव्हते. म्हणून उधार मागू नये, केस विंचरू नयेत, खुर्चीवर पाय घेऊ नयेत, फार वेळ बसू नये, अशा सूचना पाट्यांवर आल्या, आणि भिंतींवरच्या मोठ्या आरशांमुळे गल्ल्यावर बसल्या जागी साऱ्या टेबलांवर नजर ठेवता येऊ लागली. बास्तानी या हॉटेलातील अशाच पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता रचली.

या कडकपणाची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. ज्या काळी अनेक हिंदू उपाहारगृहांत जात पाहून प्रवेश मिळे किंवा वेगळे भांडे पुढे येई, त्या काळी इराण्याकडे गिरणी कामगार, कारकून आणि वकील एकाच छताखाली चहा पीत. पाटीची जरब सर्वांना सारखी होती, आणि कोण आत येतो यापेक्षा आत आलेला कसा बसतो याचीच तिला फिकीर होती. शहराच्या सार्वजनिक जीवनावर या हॉटेलांचे हे मोठे ऋण आहे.

स्वस्ताईचा हा हिशेब पुढे जुळत राहिला त्याचे एक कारण 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होय, कारण त्याने जुन्या भाडेकरूंचे भाडे जवळपास गोठवले. परंतु उडुपी हॉटेलांची स्पर्धा वाढली, जागांना सोन्याचे मोल आले आणि शिकलेली नवी पिढी पहाटेपासून गल्ल्यावर बसण्यास राजी होईना, तेव्हा एकेक हॉटेल बंद पडत गेले.