संशय आणि पुरावा : रहस्यकथेतली म्हातारी

आज मी रहस्यकथांबद्दल बोलणार आहे. खून, चोरी, तपास, आणि शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगार कोण ते कळत नाही, अशी पुस्तकं. “असलं काय वाचतेस, डोकं बिघडेल,” हे आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. म्हणून सुरुवात एका खऱ्या घटनेपासून करते.

साल १९७७. लंडनच्या एका रुग्णालयात कतार देशातून एक आजारी मुलगी आणली होती. वय १९ महिने. तिची शुद्ध हरपत चालली होती आणि डॉक्टरांना निदान सापडत नव्हतं. त्यातच तिचे केस गळायला लागले. तिची शुश्रूषा करणारी एक परिचारिका त्या दिवसांत ‘द पेल हॉर्स’ नावाची रहस्यकादंबरी वाचत होती. त्या गोष्टीत थॅलियम नावाच्या विषाने माणसं मरतात आणि मरण्याआधी त्यांचे केस गळतात. परिचारिकेने धीर करून डॉक्टरांना विचारलं, “हे थॅलियम तर नसेल?”

डॉक्टरांनी तिला हसण्यावारी नेलं नाही. तिच्या बोलण्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवला नाही. मुलीची लघवी पोलिसांच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. थॅलियमच निघालं. घरात झुरळं आणि उंदीर मारायला वापरलेल्या औषधातून ते तिच्या पोटात गेलं होतं. मग योग्य उपचार झाले आणि मुलगी सुधारून घरी गेली. पुढे डॉक्टरांनी ही हकिकत वैद्यकीय मासिकात लिहिली, तेव्हा परिचारिकेसोबत कादंबरीच्या लेखिकेचेही आभार मानले. लेखिका मात्र जानेवारी १९७६ मध्येच वारली होती. तिचं नाव अगाथा ख्रिस्ती.

अगाथाबाईंना विषाची इतकी माहिती आली कुठून, तेही ऐका. त्यांचा जन्म १८९० साली इंग्लंडमध्ये, समुद्रकाठच्या टॉर्की गावी झाला. आठ वर्षांची होईपर्यंत मुलीने वाचायला शिकू नये, असं आईचं मत होतं. पण ही पोर ऐकणारी नव्हती. वाचून दाखवलेल्या गोष्टींची पुस्तकं स्वतः उघडून, शब्द ओळखत ओळखत ती पाचव्या वर्षाच्या आतच वाचायला लागली. अकरा वर्षांची असताना वडील गेले आणि घरची ओढाताण सुरू झाली.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. जखमी शिपायांसाठी गावात रुग्णालय उघडलं, तिथे अगाथाबाई आधी शुश्रूषेच्या आणि मग औषधं बनवण्याच्या कामाला लागल्या. कुठलं औषध किती दिलं तर गुण येतो आणि किती दिलं तर जीव जातो, हे त्या तिथे शिकल्या. त्याची परीक्षाही पास झाल्या. थोरली बहीण एकदा म्हणाली होती, “तुला काही रहस्यकथा लिहायला जमायची नाही.” ते मनात धरून औषधांच्या कपाटांमध्ये बसून त्यांनी पहिली कादंबरी रचली.

ती कादंबरी अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. शेवटी १९२० साली छापून आली, तेव्हा त्यांच्या हाती आले फक्त २५ पौंड. शिवाय आनंदाच्या भरात त्यांनी ज्या करारावर सही केली, त्यात पुढची पाच पुस्तकंही त्याच प्रकाशकाला द्यायची असं लिहिलेलं होतं. तो करार आपल्याला तोट्याचा आहे, हे त्यांना मागाहून उमगलं. मुदत संपताच त्यांनी प्रकाशक बदलला. बायांनो, न वाचता कागदावर सही करू नये, हे आपण गटात नेहमी सांगतो. जगभर ज्यांची पुस्तकं खपली, त्या बाईलाही तो धडा असाच मिळाला.

पुढे त्यांनी ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. १९५२ साली लंडनला सुरू झालेलं त्यांचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक इतकी वर्षं चाललं की तो जगाचा विक्रम झाला. पण आज मला त्यांच्या एका पात्राबद्दल बोलायचंय. ते पात्र म्हणजे मिस मार्पल.

मिस मार्पल ही एका खेड्यात राहणारी, लग्न न झालेली म्हातारी. हातात लोकरीचं विणकाम. ती पोलीस नाही, वकील नाही, तिच्याजवळ पिस्तूल नाही. आपली आजी आणि तिच्या म्हाताऱ्या मैत्रिणी अगाथाबाईंनी लहानपणी पाहिल्या होत्या, त्यांच्यावरून त्यांनी ही बाई घडवली. गावात कोण कुणाकडे गेलं, कुणाचा दिवा उशिरापर्यंत जळत होता, कुणी एकाएकी नवे कपडे घेतले, सगळं तिच्या लक्षात असतं. आपल्याकडे ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजीला जसं अख्ख्या गल्लीचं माहीत असतं, तसंच. लोक तिला चौकस म्हातारी म्हणून नावं ठेवतात, पण खुनाचा उलगडा तीच करते.

मिस मार्पलची पहिली कादंबरी १९३० साली आली. गावातल्या पाद्र्याच्या घरात एका कर्नलचा खून होतो. हा कर्नल कुणालाच आवडत नसतो. मिस मार्पल म्हणते, माझ्या मते निदान सात जणांवर तरी संशय घेता येईल. पण ती लगेच कुणाकडे बोट दाखवत नाही. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवते. वेळ जुळते का, कोण खोटं बोलतंय आणि का, हे पडताळते. गावगप्पा ऐकणं आणि गावगप्पांवर निवाडा देणं यातला फरक तिला पक्का कळतो.

मला ही पुस्तकं महत्त्वाची वाटतात ती याच कारणाने. गटाच्या हिशेबात शंभर रुपये कमी भरले तर पहिली नजर कुणाकडे जाते? जी गरीब आहे, एकटी आहे, जिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही, तिच्याकडे. गावात मूल दगावलं, जनावर मेलं, तर करणीचा आळ एखाद्या विधवेवर येतो. असे प्रकार थांबावेत म्हणून आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. रहस्यकथेत मात्र सुरुवातीला ज्याच्यावर सगळे संशय घेतात, तो बहुतेक वेळा निर्दोष निघतो. दहा पुस्तकं वाचली की पहिल्या संशयावर विसंबू नये, हे आपसूक अंगात मुरतं. लंडनच्या त्या परिचारिकेचाही आधी संशयच होता. तपासणी झाली, म्हणून मुलगी वाचली.

मराठीतही रहस्यकथांची मोठी परंपरा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय, काळापहाड हे नायक एका पिढीला घरच्यासारखे होते. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत या पुस्तकांसाठी नंबर लागत. त्यानंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. भीतीच्या कथांत नारायण धारपांनी नाव कमावलं, गूढकथांत रत्नाकर मतकरींनी. अर्नाळकर, नाईक, शिरवळकर यांच्या तपास करणाऱ्या नायकांत मात्र बहुतेक पुरुषच दिसतात. विणकाम करणारी म्हातारी तपास करतेय, ही गंमत अगाथाबाईंकडेच.

मग सुरुवात कुठून करायची? वाचनाची सवय नसेल तर मतकरींच्या गूढकथा घ्या. त्या छोट्या आहेत, एका बैठकीत एक होते. वेग आवडत असेल तर शिरवळकर घ्या. धारप दिवसाउजेडी वाचा! अगाथा ख्रिस्तींच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत. मराठी नावं वेगळी असू शकतात, म्हणून तालुक्याच्या वाचनालयात लेखिकेच्या नावाने विचारा. मिस मार्पलची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ मिळाली तर सोडू नका. गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात येते, की शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार आहे. शेजारीपाजारी गंमत म्हणून जमतात आणि दिवे जातात. पुढचं मी सांगणार नाही.

बैठकीत एकीने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं. प्रत्येकीने सांगायचं, गुन्हेगार कोण आणि कशावरून. नुसतं “मला वाटतं” चालणार नाही, पुस्तकातली खूण दाखवायची. मग शेवट वाचायचा.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. उंदराचं औषध आणि फवारणीची बाटली घरात कुठे ठेवली आहे ते पाहा. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा.