पॉक्सविषाणुजन्य रोग

पॉक्सविषाणुजन्य रोग : पॉक्सविषाणू कुलातील विषाणूंमुळे माणूस, पाळीव व वन्य सस्तन प्राणी आणि पक्षी यांना होणारे, त्वचेवर पुरळ, फोड व खपल्या उमटवणारे संसर्गजन्य रोग. यांपैकी सर्वांत भीषण असा देवीचा रोग नाहीसा झाला असला, तरी त्याचे अनेक सगोत्र विषाणू गोठ्यांत, कळपांत आणि जंगलांत टिकून आहेत. कांजिण्यांचा पुरळ देवीसारखा दिसतो; परंतु तो रोग नागिणीच्या विषाणूमुळे, म्हणजे वेगळ्याच कुलातील विषाणूमुळे होत असल्याने त्याचा समावेश या गटात होत नाही.

या कुलातील विषाणू आकाराने मोठे, बहुधा विटेसारखे आणि सुमारे २०० ते ४०० नॅनोमीटर लांबीचे असतात. त्यांचे जनुकीय द्रव्य दुपदरी डीएनए असते. असे द्रव्य असणारे बहुतेक प्राणिविषाणू आश्रयी पेशीच्या केंद्रकात शिरून वाढतात. पॉक्सविषाणू मात्र लागणारी विकरे (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) स्वतःबरोबर आणतात आणि केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवातच आपली संख्या वाढवतात. विषाणू त्वचेतील खरचटलेल्या जागेतून किंवा श्वसनमार्गाने शरीरात शिरतो. प्रथम लाल डाग उमटतो, त्याची घट्ट पुळी होते, तीत पाणी व पुढे पू भरतो आणि शेवटी खपली धरून ती गळून पडते. कोरड्या खपलीत विषाणू दीर्घकाळ जिवंत राहतो. म्हणूनच रोग बरा झाल्यावरही गोठा, दावे आणि अंथरूण-पांघरूण यांच्यातून संसर्गाचा धोका उरतो.

विषाणू किती जातींच्या प्राण्यांत जगू शकतो, यावर त्या रोगाचे भवितव्य अवलंबून असते. देवीचा विषाणू निसर्गात फक्त माणसातच राहत असे. लसीकरणामुळे माणसांत त्याची साखळी तुटताच त्याला दुसरा आसरा उरला नाही. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीतील द्रव टोचून लसीकरणाचा पाया घातला. ही लस १८०२ मध्ये मुंबईस पोहोचली आणि त्या वर्षीच्या १४ जून रोजी तेथे एका तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचण्यात आली. भारतातील देवीचे अखेरचे रुग्ण मे १९७५ मध्ये आढळले आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. लसीतील विषाणू ‘व्हॅक्सिनिया’ या नावाने ओळखला जातो. तो गाईच्या देवीच्या विषाणूहून वेगळा असल्याचे पुढे सिद्ध झाले.

म्हशींची देवी हा भारतीय उपखंडातील विशेष महत्त्वाचा आणि त्या मानाने उपेक्षित रोग आहे. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९३४ मध्ये लाहोर येथून झाले. रोगकारक विषाणू व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार आहे. देवीची लस उपखंडात रेडकांच्या कातडीवर वाढवली जात असल्याने तीतील विषाणू जनावरांत पसरला असावा, असा तर्क मांडला गेला आहे. म्हशीच्या सडांवर, कासेवर आणि मांड्यांच्या आतील बाजूस फोड येतात. धार काढू देणे तिला असह्य होते, दूध घटते, आणि फोडांतून इतर जीवाणू शिरल्यास कासदाह होऊन सड कायमचा निकामी होऊ शकतो. धार काढणाऱ्याच्या बोटांवर, हातांवर व क्वचित चेहऱ्यावरही तसेच फोड उठतात, ताप येतो आणि काखेत अवधाण येते. महाराष्ट्रात १९८५ ते १९८७ या काळात आणि पुन्हा २००९ मध्ये सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशी आणि माणसे यांच्यातील अशा साथी अभ्यासल्या गेल्या. देवीची लस बंद झाल्यानंतर जन्मलेल्यांना तिच्यामुळे मिळणारे संरक्षण नाही. त्यामुळे आजचा तरुण गवळी त्याच्या आजोबांपेक्षा या विषाणूपुढे अधिक उघडा आहे, ही बाब गंभीरपणे घेण्याजोगी आहे.

मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि गुरांचा लम्पी चर्मरोग यांचे विषाणू परस्परांचे निकटचे आप्त आहेत. लम्पीची पहिली नोंद १९२९ मध्ये आताच्या झांबियात झाली; भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला आणि २०२२ च्या साथीत महाराष्ट्रातही पसरला. चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडी त्याचा फैलाव करतात. आप्तभावामुळे शेळ्यांच्या देवीची लस लम्पीविरुद्ध वापरता आली. लम्पी माणसाला होत नाही, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. याउलट शेळ्या-मेंढ्यांच्या ओठांवर खपल्या आणणारा मावा हा रोग हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांना होऊ शकतो. कोंबड्यांची देवी डासांमुळे पसरते व तुरा, गलोल यांवर गाठी आणते. ती पक्ष्यांपुरतीच मर्यादित राहते.

याच कुलातील, माणसालाही होणाऱ्या एमपॉक्स या रोगाचा विषाणू १९५८ मध्ये कोपनहेगन येथील प्रयोगशाळेतल्या माकडांत सापडला. पण त्याचे नैसर्गिक वसतिस्थान आफ्रिकेतील कृंतक (उंदीर-खारींसारखे कुरतडणारे) प्राणी असल्याचे मानले जाते. माणसातील पहिला रुग्ण १९७० मध्ये आताच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात नोंदला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये या रोगाबाबत आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्याचा पुरळ देवीसारखाच असला, तरी एमपॉक्समध्ये लसीका ग्रंथी ठळकपणे सुजतात.

निदानासाठी फोडातील द्रव किंवा खपली घेऊन तीतील विषाणूच्या डीएनएचा शोध पीसीआर चाचणीने घेतला जातो. गोठ्यात बाधित जनावर वेगळे बांधणे, त्याची धार सर्वांत शेवटी काढणे, हातांवर जखमा असलेल्याने धार न काढणे, सड जंतुनाशकाने धुणे आणि गळालेल्या खपल्या जाळून टाकणे हे उपाय परिणामकारक ठरतात. म्हशीच्या सडांवर आणि धार काढणाऱ्याच्या हातांवर एकाच वेळी फोड दिसल्यास पशुवैद्यक व डॉक्टर या दोघांनाही कळवावे, कारण एकाच विषाणूची तपासणी अशा वेळी दोन्हीकडून होणे आवश्यक असते.