प्रिन्स्टनचा संथ खेळ आणि मानांकनाची उतरंड

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली आठ संघांनिशी सुरू झाली आणि १९८५ पर्यंत तिची व्याप्ती चौसष्ट संघांपर्यंत वाढली. या संघांचे चार विभाग पाडून प्रत्येक विभागात एक ते सोळा अशी मानांकने, म्हणजे अपेक्षित बळानुसार क्रम, दिली जात. पहिल्या फेरीत अग्रमानांकित संघाची गाठ सोळाव्याशी पडे, आणि एक पराभव झाला की स्पर्धा संपे. तळाची मानांकने बहुधा लहान लीगच्या विजेत्यांच्या वाट्याला येत. आपली लीग जिंकल्यामुळे त्यांना थेट प्रवेश मिळत असला, तरी त्यांच्याकडून विजयाची अपेक्षा कोणी ठेवत नसे. या दुर्लक्षित संघांच्या इतिहासात प्रिन्स्टन विद्यापीठाचे स्थान वेगळे आहे, कारण तेथे बलाढ्य संघाला हरवण्याची क्षमता एखाद्या भाग्यवान रात्रीतून आली नव्हती. ती एका पद्धतीतून घडवली गेली होती.

प्रिन्स्टन हे आयव्ही लीग या ईशान्य अमेरिकेतील आठ जुन्या विद्यापीठांच्या संघटनेचे सदस्य आहे. १९५४ मध्ये औपचारिक रूप घेतलेल्या या संघटनेत केवळ खेळातील प्रावीण्यासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. त्यामुळे इतर विद्यापीठे ज्या उंच, चपळ खेळाडूंना शुल्क आणि निवासखर्च देऊन आणत, ते प्रिन्स्टनला क्वचितच लाभत. १९६५ मध्ये बिल ब्रॅडली या असामान्य खेळाडूच्या बळावर, जो पुढे सिनेटर झाला, हा संघ अखेरच्या चार संघांत पोहोचला होता. परंतु ब्रॅडलीसारखा विद्यार्थी दरवर्षी येत नाही, आणि तसा खेळाडू नसताना काय करावे हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर पीट कॅरिल यांनी दिले. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम या पोलादाच्या गावी, स्पेनहून आलेल्या एका पोलाद कामगाराच्या घरी १९३० साली जन्मलेले कॅरिल १९६७ ते १९९६ अशी एकोणतीस वर्षे प्रिन्स्टनचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या रचनेत पाचही खेळाडूंना चेंडू नेणे, अचूक पास देणे आणि दुरून नेम साधणे ही तिन्ही कामे यावी लागत. एरवी बास्केटखाली उभा राहणारा सेंटर, म्हणजे संघातील सर्वांत उंच खेळाडू, येथे फ्री थ्रो रेषेजवळ येऊन उभा राही. त्याच्या मागोमाग प्रतिस्पर्ध्यांचा उंच रक्षकही बाहेर ओढला जाई आणि बास्केटखालची जागा मोकळी होई. मग एखादा खेळाडू चेंडू घेण्यासाठी बाहेर येत असल्याचे भासवी, आणि त्याचा रक्षक पास अडवायला पुढे सरसावला की त्याच्या पाठीमागून थेट बास्केटकडे धाव घेई. या चालीला ‘बॅकडोअर’ म्हणतात. तिचे सौंदर्य असे की बचाव जितका उतावळा, तितकी ती अधिक फळते.

या पद्धतीचे दुसरे अंग म्हणजे संथपणा. योग्य संधी मिळेपर्यंत चेंडू फिरवत ठेवल्याने सामन्यातील एकूण हल्ल्यांची संख्या घटते, आणि बलवान संघाला आपले श्रेष्ठत्व गुणांत उतरवण्याचे प्रसंगही तेवढेच कमी होतात. काहींना हा खेळ कंटाळवाणा वाटे. वास्तविक तो दुर्बळाने मांडलेला अत्यंत काटेकोर हिशोब होता. नियमांनी मात्र त्याची जागा आक्रसत नेली: शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळेत नेम घेण्याचे बंधन, १९८५-८६ च्या हंगामापासून पंचेचाळीस सेकंदांचे, तर १९९३-९४ पासून पस्तीस सेकंदांचे झाले.

१७ मार्च १९८९ रोजी प्रॉव्हिडन्स येथे सोळाव्या मानांकित प्रिन्स्टनसमोर अग्रमानांकित जॉर्जटाउन उभे होते. प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांच्या त्या संघात अलोन्झो मॉर्निंगसारखा उत्तुंग सेंटर होता. तरीही मध्यंतराला प्रिन्स्टन २९-२१ असे पुढे होते. जॉर्जटाउनने अखेर ५०-४९ असा एका गुणाने विजय मिळवला, आणि प्रिन्स्टनचे शेवटच्या क्षणांतील दोन्ही प्रयत्न मॉर्निंगच्या हातांनी रोखले. लहान लीगच्या विजेत्यांना थेट प्रवेश द्यावा की नाही, याची चर्चा त्या काळात चालू होती. या सामन्याने त्यांच्या बाजूने जेवढे सांगितले, तेवढे कोणत्याही युक्तिवादाला सांगता आले नसते. हा पराभव अनेक विजयांहून मोलाचा मानावा लागतो.

विजयासाठी सात वर्षे जावी लागली. १४ मार्च १९९६ रोजी इंडियानापोलिस येथे तेराव्या मानांकित प्रिन्स्टनची गाठ गतविजेत्या यूसीएलएशी पडली. निवृत्तीची घोषणा कॅरिल यांनी काही दिवसांपूर्वीच केली होती. सुमारे सहा मिनिटे उरली असता यूसीएलए ४१-३४ असे पुढे होते, परंतु त्यानंतर त्याला एकही गुण मिळाला नाही. चार सेकंदांहूनही कमी वेळ उरला असताना स्टीव्ह गुडरिचने दिलेल्या पासवर गेब लेवुलिसने बास्केटमध्ये चेंडू टाकला आणि प्रिन्स्टन ४३-४१ असे जिंकले. ती चाल बॅकडोअरचीच होती. ऐन मोक्याच्या क्षणी संघाने नवे काही शोधले नाही, वर्षानुवर्षे घोटलेलेच केले. पुढच्या फेरीत मिसिसिपी स्टेटने त्याला ६३-४१ असे हरवले, आणि ५१४ विजयांनंतर कॅरिल यांची प्रिन्स्टनमधील कारकीर्द संपली.

पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकित संघाने अग्रमानांकिताला प्रथम हरवले ते २०१८ मध्ये, जेव्हा यूएमबीसी या मेरीलँडमधील विद्यापीठाने व्हर्जिनियावर ७४-५४ असा विजय मिळवला. महिलांच्या स्पर्धेत हे वीस वर्षे आधीच, १९९८ मध्ये, आयव्ही लीगच्याच हार्वर्डने स्टॅनफर्डविरुद्ध करून दाखवले होते. कॅरिल यांचे निधन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. पुढच्याच मार्चमध्ये पंधराव्या मानांकित प्रिन्स्टनने ॲरिझोना आणि मिसुरी या दोन संघांना हरवून अखेरच्या सोळा संघांत स्थान मिळवले, आणि त्या संघाचे प्रशिक्षक मिच हेंडरसन हे १९९६ च्या विजयी संघातील खेळाडू होते.