हाडोळा ते मजूर नाका

पनवेलच्या मजूर नाक्यावर सकाळी सात वाजता थापी, घमेले, फावडे घेऊन माणसे उभी असतात. गाव विचारले तर सोलापूर, बीड, नांदेड, कलबुर्गी अशी नावे निघतात. कारण एकच : 'पोटासाठी आलो.' अर्थशास्त्राची पुस्तकेही थोड्या फरकाने तेच सांगतात. मजुरी कमी तिथून माणूस निघतो, जास्त तिथे जातो. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. एकाच दुष्काळात एकाच गावातला कोण गाव सोडतो आणि कोण टिकून राहतो, याचे उत्तर त्यात नाही.

ते मी माझ्या घरात शोधले. माझे वडील १९७३ च्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून पनवेलला आले. पाऊस १९७२ साली फिरला. पण गाव सुटण्याची तयारी त्याआधीच झाली होती. महारकीच्या मोबदल्यात आमच्या महारवाड्याकडे हाडोळ्याची जमीन होती. महार वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा यायला १९५८ उजाडले. वेठ गेली, हे उत्तमच झाले. परंतु जमीन सरकारजमा झाली आणि नजराणा भरला तरच परत मिळणार होती. त्यासाठी आजोबांनी कर्ज काढले आणि तुकडा सावकाराच्या ताब्यात गेला. दुष्काळात ज्याच्याकडे जमीन होती त्याने बैल विकून साल काढले. आमच्याकडे विकायला फक्त हात होते. वडिलांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, आणि काम थांबले तेव्हा एसटी धरली.

इकडे १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली होती. नवी मुंबईसाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या जात होत्या. शहराला स्वस्त हात हवे होते. ते दुष्काळाने पुरवले. त्याच वेळी इथल्या आगरी शेतकऱ्याची भातशेती आणि मिठागरे जात होती. १६ व १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले. आम्ही गाव सोडून आलो, त्यांचे गाव जागेवरच सुटले. तथापि परताव्याचे माप गेलेल्या जमिनीवर ठरले. कातकरी आणि भूमिहीन शेतमजूर यांच्याजवळ मापायला काय होते?

मग शहराने आम्हांला काहीच दिले नाही का? दिले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाण्यास नकार दिला होता. त्याचा अर्थ वडिलांना इथे कळला. इथे कोणी जोहार घालायला लावला नाही. आम्ही भावंडे शाळेत गेलो. पण शहराने मजूर घेतला, माणसाची नोंद घेतली नाही.

मला जातीचा दाखला काढायचा होता तेव्हा हे उमगले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तोही मूळ गावचा. वडील शाळेत गेले नव्हते. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात दोन वर्षे गेली. शेवटी उपयोगी पडला तो हाडोळ्याचा जुना उतारा. त्यावर आजोबांच्या वडिलांचे नाव होते, जातीसह. ज्या कागदाने आमची गुलामी नोंदवली होती, त्याच कागदाने आमचा हक्क सिद्ध केला.

आमच्याकडे निदान तो कागद होता. ज्यांच्या पूर्वजांना वतनही नव्हते आणि शाळाही नव्हती, त्यांच्या नाक्यावर उभ्या असलेल्या मुलांनी काय दाखवायचे? कार्यकर्त्यांनी मजुरीच्या दरासाठी भांडावेच. पण त्याबरोबर नाक्यावर वही घेऊन बसावे, प्रत्येकाचे मूळ गाव आणि आजोबांचे नाव लिहून घ्यावे, आणि सुट्टीत एखाद्या शिक्षकाने त्या गावी जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढून आणावी. स्थलांतराचा इतिहास लिहायला तिथूनच सुरुवात होईल.