मॅच आणि तेलाची कढई

मॅच म्हटली की बटाटेवडे आलेच, असं आमच्या घरात कुणीही सहज म्हणून जातं. पण हे ‘आलेच’ नेमकं कधीपासून, हा प्रश्न मला पडला तो दादाच्या आजारपणामुळे. आज त्याचीच हकिगत सांगते.

माझं माहेर उंबरमाळीचं. कसारा लोकलने निघालं की खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये हे लहानसं स्टेशन लागतं. शहापूर तालुक्याचा हा डोंगराळ भाग. खाचरात भात, उतारावर नाचणी, वरी आणि खुरासणी. घरात तेल यायचं ते याच खुरासणीचं, घाण्यावरून काढून आणलेलं. वर्षाचं तेल मोजकं, म्हणून ते फोडणीपुरतं. कढई चुलीवर चढायची ती शिमग्याला, दिवाळीला आणि लग्नकार्यात.

२५ जून १९८३ चा शनिवार मला चांगला आठवतो. मी तेव्हा चौदा वर्षांची. लॉर्ड्सवर भारताचा डाव १८३ धावांत आटोपला होता आणि समोर वेस्ट इंडिज. आमच्या ओटीवर सेलवर चालणारा एकच रेडिओ आणि त्याभोवती आळीतली वीसेक माणसं. रात्री उशिरा वेस्ट इंडिजचा डाव १४० वर संपला आणि ओटी दणाणली. त्या रात्री आईने काय दिलं होतं? टोपलीभर कुरमुरे, फुटाणे, चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजलेले सुके बोंबील आणि तांदळाची भाकरी. विश्वविजयाच्या त्या रात्री आमच्या घरात कढई चढलीच नव्हती.

मग वडे आले कुठून? बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही त्यांचेच. वडापाव त्या मानाने ताजा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असं सांगतात. गिरणीतल्या आणि गोदीतल्या कामगाराला तो उभ्या उभ्या खाता येई. आमच्या भागात तो रेल्वेने आला. घाट चढण्यासाठी कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिन लावतात. तेवढ्या वेळात फलाटावर वड्यांचा घमघमाट सुटायचा. पण ते विकतचं खाणं. घरात पोरांसाठी वड्यांचे घाणे काढायचे, तर आधी तेल परवडायला हवं होतं.

आणि तेल परवडत नव्हतं. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या महागाईत धान्य आणि साखरेइतकाच तेलाचा प्रश्न होता. वनस्पती तुपाचा डालडा १९३७ पासून बाजारात होता, पण आमच्याकडे तो सणापुरताच. पुढे १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम काढली. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली आणि वाण्याकडे तेलाच्या पिशव्या लटकू लागल्या. त्याच सुमारास घरोघरी टीव्ही आले आणि एकदिवसीय सामने वाढले. स्वस्त तेल आणि दिवसभराचा सामना, यांची गाठ तिथे पडली. म्हणजे ज्याला आपण मॅचची परंपरा म्हणतो, ती आमच्या घरात जेमतेम तीस वर्षांची आहे.

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर भारताने श्रीलंकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा वहिनीने आणि मी मिळून तीन किलो बटाट्यांचे वडे तळले. वर कांदाभजी, तळलेले पापड आणि फरसाण. शेवटचा घाणा दुसऱ्या दिवशी त्याच तेलात काढला, हेही कबूल करते. त्या पावसाळ्यात दादाच्या छातीत दुखायला लागलं. ठाण्याला नेईपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले. तो तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. एकट्या वड्यांनी हे झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तंबाखूही होती. पण तळण, मीठ आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तेल बंद करा, हे त्यांनी बजावून सांगितलं.

मॅच बंद करणं शक्य नव्हतं, तेव्हा कढई बदलली. वड्याचं सारण तेच ठेवलं, पण तळण्याऐवजी आप्पेपात्र घेतलं. बेसन जरा घट्ट भिजवायचं, त्यात चमचाभर तांदळाचं पीठ घालायचं, प्रत्येक खळग्यात तेलाचे चार थेंब सोडायचे, मंद आचेवर झाकण ठेवायचं आणि एकदा उलटायचं. कोथिंबीरवडी उकडून तव्यावर परतली. फरसाणाच्या जागी मोड आलेल्या मटकीची भेळ. पापड निखाऱ्यावर. तळलेल्या वड्याचा खुसखुशीतपणा येत नाही, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण गरम असताना चटणीबरोबर वाढलं तर पोरं ताट परत करत नाहीत.

अडचण आली ती आईकडून. तिने पहिल्याच वेळी ताटाकडे पाहून तोंड फिरवलं. “पाव्हण्यांना कोरडं घालता? लोक काय म्हणतील?” मला तेव्हा राग आला होता. मुलाच्या जिवापेक्षा लोकांचं बोलणं मोठं का? पुष्कळ दिवसांनी उमगलं की तिच्यासाठी भाजकं खाणं म्हणजे पथ्य नव्हे, ते गरिबीचं खाणं. तळण म्हणजे आलेल्याचा मान. आयुष्यभर तिने तेल थेंबाथेंबाने वापरलं होतं. उतारवयात कुठे हात सैल झाला होता, तर आम्ही तिला पुन्हा त्या जुन्या चुलीपाशी नेऊन बसवत होतो.

गेल्या वर्षी, २ नोव्हेंबर २०२५ ला, महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत होता. रविवार असल्याने सगळे उंबरमाळीला जमलो. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला. त्या रिकाम्या वेळात मी चिवड्यासाठी पोहे भाजत होते आणि ते काही केल्या कुरकुरीत होईनात. आई, आता ऐंशीच्या घरातली, दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, “अगं, पोह्यांना दुपारी ऊन दाखवायचं. मग तेल कशाला लागतंय?” ऊन तर गेलं होतं. तिने कढईखालची आच अगदी बारीक केली, पोहे थोडे थोडे घेतले, हाताने हलवत राहिली आणि मीठ शेवटी, बेताचं घातलं. अर्धा किलो पोह्यांना फोडणीसाठी दोन चमचे तेल पुरलं. पोह्यातलं पाणी गेलं की तो कुरकुरतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मध्यरात्रीच्या सुमारास भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. दादा नातीला खांद्यावर घेऊन अंगणात नाचला. शेजारच्या काकूंनी चिवड्याची दुसरी वाटी मागितली आणि कसा केला म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत आई पुढे सरकून बसली आणि सांगू लागली, “आमच्याकडं ना, पहिल्यापासून असाच करतात...”